हीटसिंक बदलूनही प्रोसेसर पुन्हा पुन्हा तापत असेल, तर दोष नेमका कुठे शोधावा

प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून त्याजागी बाजारातला मोठा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) बसवला, की सुरुवातीला तापमान समाधानकारक राहते; मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, काम तेच असताना, सॉफ्टवेअर आठ-दहा अंश अधिक दाखवू लागते. प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली की आकडा खाली येतो आणि कालांतराने पुन्हा चढतो. काही संगणकांत तर नवा हीटसिंक पहिल्या दिवसापासूनच जुन्यापेक्षा फारसा सरस ठरत नाही. या तक्रारीवर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत: पेस्ट बदला, पंख्याचा वेग वाढवा, आणखी मोठा कूलर घ्या. यांतला एखादा लागूही पडतो, परंतु तो का लागू पडला हे न कळल्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. पेस्टची नळी उघडण्याआधी एक साधी चाचणी घेतली, तर दोष हीटसिंकच्या तळाखाली आहे, हीटसिंकमध्ये व हवेत आहे, की हीटसिंकशी संबंध नसलेल्या ठिकाणी आहे, हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

नुसते तापमान काहीच सांगत नाही

"लोडखाली ८४ अंश", म्हणजे जड काम चालू असताना ८४, या वाक्यावरून हीटसिंक चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. हीटसिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त हवेच्या तापमानावर होणारी वाढ मर्यादित ठेवतो. त्यामुळे खोलीचे तापमान पाच अंशांनी वाढले तर प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते, आणि त्यात हीटसिंकचा काही दोष नसतो. ऋतू बदलल्यावर उद्भवणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींचे मूळ इतकेच असते. दुसरी बाब वॅटची. हवेवरची ही वाढ प्रोसेसर जेवढी वीज वापरतो तिच्या जवळपास प्रमाणात असते, म्हणून ९० वॅटच्या कामाचे तापमान आणि १५० वॅटच्या कामाचे तापमान शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. तिसरी बाब पंख्याच्या वेगाची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मदरबोर्ड तापमान पाहून पंख्याचा वेग बदलत असतो, त्यामुळे बिघडत चाललेला हीटसिंक काही काळ केवळ आवाज वाढवून आपले अपयश झाकून ठेवतो.

म्हणून मोजायचे ते तापमान नव्हे, तर औष्णिक रोध: प्रोसेसरचे तापमान उणे कूलरच्या पंख्यात शिरणाऱ्या हवेचे तापमान, भागिले प्रोसेसरची वॅटमधील शक्ती. कूलरच्या खोक्यावर "२०० वॅट टीडीपी" (किती वॅटची उष्णता तो हाताळतो याचा दावा) किंवा तत्सम जो आकडा छापलेला असतो, तो काढण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एकच पद्धत नाही. दोन कंपन्यांच्या खोक्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे मला तरी निरर्थक वाटते.

चाचणीची मांडणी

हवेचे तापमान भिंतीवरच्या घड्याळात दिसणारे नको. साधा डिजिटल तापमापक घेऊन त्याचा संवेदक कॅबिनेटच्या आत, कूलरच्या पंख्यासमोर दोन-तीन सेंटिमीटरवर, कोणत्याही धातूला न टेकता सोडावा. कॅबिनेटचे झाकण नेहमी असते तसे बंद ठेवावे. ग्राफिक्स कार्डला काम देऊ नये, कारण त्याची उष्णता याच हवेत मिसळते. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर ती चाचणी वेगळी घ्यावी.

पंख्याचा वेग बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) एका ठिकाणी कायम करावा, उदाहरणार्थ सत्तर टक्क्यांवर, आणि चाचणी चालू असताना आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) आकडा हलत नाही याची खात्री करावी. यानंतर वीज स्थिर करावी. इंटेलच्या प्रोसेसरवर दीर्घकालीन व अल्पकालीन अशा दोन वीजमर्यादा असतात. अल्पकालीन मर्यादेची मुदत संपली की वॅट एकदम खाली येतात आणि तापमानही उतरते, मग हीटसिंक सुधारल्याचा भास होतो. दोन्ही मर्यादा एकाच आकड्यावर ठेवल्या की हा घोळ राहत नाही. एएमडीच्या प्रोसेसरवर पीपीटी ही एकूण विजेची मर्यादा हाताने ठरवता येते. मर्यादा अशी निवडावी की प्रोसेसर कमाल तापमानाला भिडणार नाही, आणि हे महत्त्वाचे आहे. रायझन ७००० मालिकेतील मोठे प्रोसेसर पूर्ण लोडखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेच थांबतील अशाच रीतीने बनवलेले आहेत. त्यांच्यावर उत्तम कूलर लावला तरी आकडा ९५ च राहू शकतो, कारण मिळालेला थंडावा प्रोसेसर वाढीव वेगासाठी खर्च करतो. अशा वेळी तापमानाची तुलना निष्फळ ठरते. वीजमर्यादा खाली आणून मोजावे, किंवा ९५ अंशांवर किती वॅट पचतात याची तुलना करावी.

लोड देण्यासाठी प्राइम९५, ओसीसीटी किंवा लिनक्सवर स्ट्रेस-एनजी यांपैकी काहीही चालेल, फक्त प्रत्येक चाचणीत तेच साधन आणि तोच पर्याय हवा. नोंदीसाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो पुरेसे आहे. लिनक्सवर तापमानासाठी सेन्सर्स आणि वॅटसाठी टर्बोस्टॅट वापरता येतात. नोंदीचे अंतर अर्ध्या सेकंदावर आणून नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय चालू करावी, कारण पुढे तिचीच गरज लागणार आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी लागते. काही बोर्ड प्रोसेसरला विजेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी कळवत असल्याचे आढळल्यामुळे एचडब्ल्यूइन्फोने २०२० मध्ये ही तफावत दाखवणारी वेगळी ओळ दिली. पूर्ण लोडखाली ती शंभर टक्क्यांच्या आसपास नसेल, तर दाखवलेल्या वॅटवर विसंबून दुसऱ्या संगणकाशी तुलना करू नये. त्याच संगणकाची आजची व मागची स्थिती मात्र ताडता येते.

लोड किती वेळ चालवावा? टॉवर पद्धतीच्या हीटसिंकचे वजन पाऊण ते एक किलोच्या घरात असते आणि एवढा धातू स्थिर तापमानाला पोहोचायला आठ-दहा मिनिटे लागतात. कॅबिनेटमधली हवा स्थिरावायला त्याहून जास्त वेळ जातो, म्हणून वीस ते तीस मिनिटांची चाचणी बरी. मिनिटभराच्या बेंचमार्कमध्ये हीटसिंक पुरता तापलेलाच नसतो.

लोड थांबवल्यानंतरचे दोन-तीन सेकंद

या चाचणीचा खरा उपयोग लोड थांबवण्याच्या क्षणी होतो. प्रोसेसरमधल्या सिलिकॉनच्या डायपासून (चिपच्या मूळ तुकड्यापासून) हवेपर्यंत उष्णतेच्या वाटेचे दोन टप्पे पडतात. डाय, त्यावरचे धातूचे झाकण, पेस्ट आणि हीटसिंकचा तळ हा पहिला टप्पा. हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), फिन्स (धातूचे पातळ पत्रे) आणि हवा हा दुसरा. पहिल्या टप्प्यातल्या वस्तूंचे वस्तुमान अगदी थोडे असल्यामुळे लोड थांबताच तेथील तापमानाचा फरक दोन-तीन सेकंदांत ओसरतो, तर किलोभर धातू असलेला दुसरा टप्पा मिनिटामिनिटाने निवत जातो. म्हणजेच तापमानाच्या आलेखात आधी एक सरळ घसरण दिसते (तिला येथे "कडा" म्हणू) आणि तिच्यापुढे लांब उतार लागतो. कडेची उंची तळाखालच्या संपर्काबद्दल सांगते, आणि उतार जेथून सुरू होतो तेथील तापमान हीटसिंक व हवेबद्दल.

उदाहरणादाखल असे समजू, की पंख्यात शिरणारी हवा ३० अंश आहे, लोडखाली १२० वॅट वापरले जात आहेत, आणि तापमान ८४ अंशांवर स्थिर झाले आहे. एकूण रोध ५४ भागिले १२०, म्हणजे प्रतिवॅट ०.४५ अंश. लोड थांबवल्यावर शक्ती २० वॅटवर आली आणि दोन-तीन सेकंदांत तापमान ५६ वर उतरले. शंभर वॅट कमी झाल्याने २८ अंश उतरले, म्हणजे पहिल्या टप्प्याचा रोध ०.२८ आहे. उरलेला ०.१७ हीटसिंक व हवेचा. ही निरोगी स्थितीची नोंद आहे असे मानू.

आता काही महिन्यांनी तोच संगणक, त्याच हवेत, त्याच १२० वॅटवर ९६ अंश दाखवतो. एकूण रोध ०.५५ झाला आहे, पण एवढ्यावरून कारण कळत नाही. लोड थांबवल्यावर तापमान ५८ पर्यंत कोसळले, तर कडा ३८ अंशांची आहे, पहिल्या टप्प्याचा रोध ०.३८ झाला आहे, आणि दुसरा टप्पा जसाच्या तसा आहे: दोष पेस्टमध्ये किंवा तळाच्या दाबात आहे. याउलट तापमान ६८ वरच अडखळले, तर कडा पूर्वीइतकीच, २८ अंशांची, राहिली आहे आणि हीटसिंकचा रोध ०.१७ वरून ०.२७ वर गेला आहे. अशा संगणकाची पेस्ट बदलण्यात श्रम वायाच जातील. तेथे धूळ, पंखा किंवा हवेची वाट तपासली पाहिजे. लोडखाली मात्र दोन्ही स्थितींत आकडा ९६ अंशच होता.

हे आकडे प्रयोगशाळेच्या अचूकतेचे नाहीत. तळातून हीटपाइपमध्ये जाताना पडणारा थोडा फरकही कडेत मिसळतो, आणि शेवटचे तापमान नेमके कोणत्या सेकंदाला वाचायचे यावर एक-दोन अंश इकडेतिकडे होतात. पण प्रत्येक वेळी लोड थांबल्यानंतरचा तिसराच सेकंद धरला, तर त्याच संगणकाच्या दोन नोंदींतला फरक विश्वासार्ह असतो. हीटसिंक नवा असतानाच ही नोंद करून ठेवणे म्हणूनच फायद्याचे आहे.

पहिला टप्पा बिघडला असेल तर

नवा हीटसिंक बसवल्या दिवसापासूनच कडा फार उंच असेल, तर सर्वप्रथम तळावरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढली होती का, हे पाहावे. हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण ती फिल्म जागेवरच राहिल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. त्यानंतर दाब पाहावा. चार स्क्रूंचा कूलर असेल तर ते कर्णरेषेत, थोडे थोडे करून, आळीपाळीने आवळायचे असतात. एक बाजू आधी पूर्ण आवळली की तळ त्या बाजूला कलतो आणि पेस्ट विरुद्ध बाजूला जाड राहते. प्लॅस्टिकच्या खटक्यांनी बसणाऱ्या कूलरमध्ये चारपैकी एक खटका अर्धवट अडकलेला असणे हा नेहमीचा दोष आहे, आणि तो मदरबोर्डच्या मागच्या बाजूने पाहिल्याशिवाय खात्रीने दिसत नाही.

कूलर काढल्यावर पेस्टचा ठसा पुसण्याआधी नीट पाहावा, कारण एवढा बोलका पुरावा दुसरा मिळणार नाही. चांगल्या ठशात मधोमध पेस्ट इतकी पातळ असते की तिच्यातून झाकणावरची अक्षरे धूसर दिसतात, आणि कडांकडे ती हळूहळू दाट होत जाते. मध्यभागी दाट, अपारदर्शक गोळा आणि भोवती पातळ कडे दिसले, तर झाकणाला किंवा तळाला खोलगटपणा आहे किंवा दाब अपुरा आहे. एका कोपऱ्यात जाड आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ कोरडे असेल, तर कूलर तिरका बसला होता. हीटपाइप थेट प्रोसेसरला टेकतात अशा तळांमध्ये पाइप आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये बारीक खाचा असतात. त्या भरतील इतकी पेस्ट लागते, एरवी वाटाण्याएवढा थेंब पुरतो. पेस्टचा ब्रँड बदलून होणारा लाभ बहुधा दोन-चार अंशांचाच असतो, तर दाब सुधारल्याने दहा अंशही कमी होऊ शकतात. पेस्टऐवजी द्रवधातू वापरण्याचा मोह कुणाला झाला, तर हीटसिंकचा तळ ॲल्युमिनियमचा नाही याची आधी खात्री करावी, कारण त्यातील गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतो.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. लांबट आकाराच्या या प्रोसेसरला सॉकेटची पकड मधल्या भागात दोन बाजूंनी दाबते, त्यामुळे झाकण मध्यभागी किंचित खोलगट होते. धारदार, सरळ पाते झाकणावर उभे धरून मागून प्रकाश टाकला, तर मधली फट डोळ्यांना दिसते. मूळ पकडीऐवजी सर्व कडांवर सारखा दाब देणारी चौकट बसवली की झाकण बरेच सपाट राहते. मात्र ती चौकट अति आवळली तर मेमरीचे चॅनेल ओळखले न जाण्यासारखे दोष उद्भवतात, म्हणून आलेखातल्या कडेचा फरक मोठा असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

वेगवेगळ्या कोअरच्या तापमानांत दहा-बारा अंशांची तफावत असेल, तर ती सिलिकॉनची स्वाभाविक आहे की संपर्क असमान आहे, हे ठरवण्याचा एक सोपा मार्ग आहे. रचना परवानगी देत असेल तर हीटसिंक १८० अंशांत फिरवून, नवी पेस्ट लावून पुन्हा बसवावा. गरम कोअर बदलले तर दोष हीटसिंकच्या तळात किंवा त्याच्या दाबात आहे. तेच कोअर गरम राहिले तर तो प्रोसेसरचा स्वभाव आहे. एएमडीच्या चिपलेट रचनेच्या (अनेक छोटे डाय जोडून बनवलेल्या) प्रोसेसरमध्ये कोअरचे डाय मध्यभागी नसून एका कडेला असतात, आणि याच कारणासाठी काही कूलरसोबत तळ किंचित सरकवून बसवण्याच्या पट्ट्या मिळतात.

पेस्ट बदलल्यावर सुधारून काही महिन्यांत पुन्हा बिघडणारी कडा ही "पंप-आउट"ची खूण आहे. प्रोसेसर तापताना आणि निवताना झाकण व तळ सूक्ष्म प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात आणि दर वेळी थोडी पेस्ट मधून कडेकडे ढकलली जाते. पातळ पेस्ट, असमान दाब आणि दिवसातून अनेकदा तापणे-निवणे या तिन्हींचा मिलाफ झाला की हे लवकर घडते. तीच पेस्ट पुन्हा लावली तर तेच पुन्हा घडेल. येथे अधिक दाट पेस्ट किंवा हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखा, गरम झाल्यावर मऊ होऊन पसरणारा फेज-चेंज पॅड उपयोगी पडतो. असा पॅड पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतरच पूर्ण बसतो, त्यामुळे पहिल्याच चाचणीवरून त्याच्याबद्दल मत बनवू नये.

एएम४ सॉकेटमधून कूलर काढताना तो सरळ वर ओढू नये. वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की बंद सॉकेटमधून प्रोसेसरच पिनांसह उपटून येतो. आधी काही मिनिटे लोड देऊन पेस्ट ऊबदार करावी, संगणक पूर्ण बंद करून वीज काढावी, आणि मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा.

दुसरा टप्पा बिघडला असेल तर

येथे कारणे थोडी आणि उघड असतात. पंखा आणि फिन्स यांच्या मधल्या बाजूला धुळीचा थर साचतो आणि पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही. दुसरा पंखा नंतर जोडला असेल तर दोन्हींची दिशा एक आहे का, हे चौकटीवरच्या बाणावरून तपासावे. समोरासमोर फुंकणारे दोन पंखे एका पंख्याहूनही वाईट. उंच मेमरीमुळे पंखा वर सरकवला असेल तर फिन्सचा खालचा भाग हवेविना राहतो. हीटपाइप सहसा बिघडत नाहीत. बिघडले तर लोडखाली तळ अतिशय गरम आणि त्याच पाइपचे वरचे टोक मात्र कोमट, असा फरक हाताला जाणवतो.

कॅबिनेटचा प्रश्न वेगळा काढणे सोपे आहे. झाकण उघडून चाचणी पुन्हा घ्यावी. कूलरसमोरची हवा पाच-सहा अंशांनी थंड झाली आणि प्रोसेसरही तितकाच उतरला, पण रोधाचा आकडा तोच राहिला, तर हीटसिंक निर्दोष आहे आणि कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडते आहे. केवळ खेळ चालू असताना तापमान वाढत असेल, तर बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डची गरम हवाच कूलर ओढून घेत असतो.

रोध बदललेलाच नसेल तर

तापमान वाढले, पण दोन्ही टप्प्यांचे आकडे पूर्वीइतकेच निघाले, तर वाढ वॅटमध्ये झाली आहे. बायोस अद्ययावत केल्यावर जुन्या सेटिंग पुसल्या जातात आणि बरेच मदरबोर्ड मूळ स्थितीत प्रोसेसर उत्पादकाच्या वीजमर्यादा काटेकोरपणे लावत नाहीत. कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट आणि टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. मर्यादा उठवलेली असेल तर तो त्याहूनही वर जातो आणि हवेवर चालणारे कूलर तेथे हात टेकतात.

शेवटची शक्यता अशी, की सारे ठीक असूनही कडा उंचच राहते. नव्या प्रोसेसरमध्ये तेवढेच वॅट पूर्वीपेक्षा लहान डायमधून बाहेर पडतात, त्यामुळे रोधाचा मोठा वाटा झाकणाच्या आतच असतो. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून पुढची काही वर्षे इंटेलने मुख्य प्रवाहातील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये डाय व झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी पेस्ट वापरली होती. त्यांच्यावर तर बाहेरून कितीही मोठा हीटसिंक लावला तरी हा वाटा कमी होत नाही. वरच्या उदाहरणात दुसरा टप्पा ०.१७ चा होता. दुप्पट मोठ्या कूलरने तो ०.१२ वर आणला, तरी १२० वॅटवर सहाच अंशांचा लाभ होईल. त्यापेक्षा वीजमर्यादा कमी करणे किंवा अंडरव्होल्ट करणे (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी ठेवणे) परिणामकारक ठरते. १०५ वॅट गटातल्या एएम४ प्रोसेसरची पीपीटी १४२ वॅट असते आणि ६५ वॅटच्या, वीज वाचवणाऱ्या इको मोडमध्ये ती ८८ वर येते; ०.४५ च्या रोधावर हा फरक चोवीस अंशांचा होतो, आणि वेगातली घट विजेतल्या घटीच्या मानाने बरीच कमी असते.